साबणाला ‘उडायला’ कसं शिकवतात? लोणारच्या खाऱ्या पाण्यातून समजून घेऊ गॅस क्रोमॅटोग्राफीची युक्ती

अंगाचा साबण, कपड्यांची पावडर, शाम्पू, भांड्यांचं लिक्विड, केसांचं कंडिशनर. या सगळ्यांच्या मुळाशी एकाच स्वभावाची रसायनं असतात. त्यांना म्हणतात सर्फॅक्टंट, म्हणजेच पृष्ठसक्रिय पदार्थ. वापर झाला की ती मोरीतून गटारात, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून नदी-तलावात जातात.

मग एखाद्या तलावात ती किती आहेत, कोणती आहेत आणि कुठून आली, हे कसं शोधायचं? प्रयोगशाळेत यासाठी वापरलं जाणारं एक नावाजलेलं यंत्र म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ. अडचण अशी की हे यंत्र फक्त वाफ होणारे पदार्थ तपासतं आणि सर्फॅक्टंटची वाफ होत नाही. म्हणून आधी त्यांचं रासायनिक रूप बदलावं लागतं. या कामाला म्हणतात डेरिव्हेटायझेशन.

ही युक्ती काय आहे, ती कशी करतात आणि ती चुकली तर निष्कर्ष कसा चुकतो, हे आपण बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या उदाहरणावरून पाहू.

लोणारच का?

लोणार सरोवर उल्केच्या आघातानं बेसॉल्ट खडकात तयार झालेल्या विवरात आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. पाणी खारं आणि जोडीला तीव्र अल्कधर्मी, पीएच १० च्या आसपास. पाण्यात सोडियमचे कार्बोनेट आणि क्लोराइड भरपूर. २०२० मध्ये या सरोवराला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला.

साबणाशी लोणारचं नातं जुनं आहे. सोळाव्या शतकात अबुल फझलनं लिहिलेल्या ‘आईन-ए-अकबरी’त लोणारचा उल्लेख आहे, आणि इथे काच व साबण बनवायला लागणारा माल मिळतो असं त्यात नोंदलं आहे. तो माल म्हणजे सरोवराच्या काठावर साठणारा खार, अर्थात सोडा. तेलात किंवा चरबीत अल्क मिसळून उकळलं की साबण होतो, हे रसायन तेव्हाही लोकांना वापरून माहीत होतं.

आजचा प्रश्न उलटा आहे. लोणार शहराचं सांडपाणी सरोवराकडे जातं, ही तक्रार अनेक वर्षांची आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोरही हा विषय आला आहे. सांडपाणी म्हटलं की साबण आणि डिटर्जंट आलेच. पण ‘आलेच’ म्हणणं वेगळं आणि ‘इतके आले’ हे मोजून दाखवणं वेगळं.

सर्फॅक्टंट म्हणजे नेमकं काय?

सर्फॅक्टंटच्या रेणूला एक डोकं आणि एक शेपूट असतं. डोक्याला पाणी आवडतं, शेपटीला तेल. शेपटी तेलकट मळात घुसते, डोकं पाण्याकडे ओढतं आणि मळ कपड्यावरून सुटतो.

डोक्याच्या प्रकारानुसार यांचे मुख्य गट पडतात:

• ऋणभारित: साधा साबण, कपड्यांच्या पावडरीतलं लिनिअर अल्किलबेंझीन सल्फोनेट (पुढे आपण याला ‘लास’ म्हणू) आणि शाम्पू-टूथपेस्टमधलं सोडियम लॉरिल सल्फेट. बचत गटांच्या पावडर उद्योगात जी ‘ॲसिड स्लरी’ आणतात, तिच्यात सोडा मिसळला की हेच लास तयार होतं.

• धनभारित: कंडिशनर, फॅब्रिक सॉफ्टनर आणि काही जंतुनाशकांतली चतुर्थक अमोनियम संयुगं.

• भार नसलेले: लिक्विड डिटर्जंटमधले अल्कोहोल इथॉक्सिलेट आणि नोनिलफेनॉल इथॉक्सिलेट.

• जैविक: काही जीवाणू स्वतःच तयार करतात ते बायोसर्फॅक्टंट, उदाहरणार्थ ऱ्हॅम्नोलिपिड.

यंत्र कसं चालतं?

१९५२ मध्ये ए. टी. जेम्स आणि आर्चर मार्टिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी वायू-द्रव क्रोमॅटोग्राफीवरचं काम प्रसिद्ध केलं. त्यांनी वेगळी करून दाखवलेली पहिली रसायनं होती मेदाम्लं, म्हणजे साबणाच्या शेपटीचीच भावंडं, पण आखूड साखळीची आणि सहज वाफ होणारी.

आजच्या यंत्रात नमुन्याचा एखादा सूक्ष्म थेंब २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापलेल्या इंजेक्टरमध्ये सोडतात. त्याची वाफ होते. हेलियमसारखा वायू ती वाफ एका केसासारख्या बारीक नळीतून ढकलतो. या नळीला कॉलम म्हणतात. ती साधारण ३० मीटर लांब असते आणि वेटोळं करून भट्टीत बसवलेली असते. काही रेणू लवकर बाहेर पडतात, काही रेंगाळतात. प्रत्येकाच्या बाहेर पडण्याच्या वेळी आलेखावर एक शिखर उमटतं. पुढे मास स्पेक्ट्रोमीटर जोडला असेल तर तो रेणूचे तुकडे करून त्यांची वजनं मोजतो आणि त्यावरून ओळख पटवतो.

आता या गरम इंजेक्टरमध्ये साबण टाकला तर? साबण हे मेदाम्लाचं सोडियम लवण आहे. त्यातले भारित कण एकमेकांना घट्ट धरून बसतात. तापवलं तर ते उडत नाहीत, करपतात. कॉलम खराब होतो आणि आलेखावर काहीच धड दिसत नाही. साबणाचं नुसतं मेदाम्ल केलं तरी त्याचं आम्लधर्मी टोक कॉलमच्या भिंतीला चिकटत राहतं आणि उंच शिखराऐवजी लांबट शेपूट काढल्यासारखी आकृती येते.

मग युक्ती काय?

अडचण डोक्यात आहे, शेपटीत नाही. म्हणून डोक्याचा पाणी ओढणारा भाग झाकायचा किंवा काढून टाकायचा. मार्ग तीन.

*१. डोक्यावर टोपी घालणे.* मेदाम्लाची मिथेनॉलशी उत्प्रेरकाच्या मदतीनं अभिक्रिया केली की त्याचं मिथाइल एस्टर होतं. पामिटिक आम्लाचं रेणुवजन २५६ आहे, त्याच्या मिथाइल एस्टरचं २७०. फक्त १४ एककांची भर, पण चिकटपणा गेला आणि रेणू निमूट उडू लागला. ज्या रेणूंत हायड्रॉक्सिल गट असतो (अल्कोहोल, स्टेरॉल, नोनिलफेनॉल) त्यांना ट्रायमिथाइलसिलिल नावाची टोपी घालतात. याला सिलिलेशन म्हणतात. अशा प्रत्येक टोपीमागे वजन ७२ नं वाढतं.

*२. डोकं कापणे.* लासचं सल्फोनेट डोकं फार हट्टी. त्याला फॉस्फोरिक आम्लासोबत सुमारे २०० अंशांवर तापवलं की सल्फोनेट गळून पडतं आणि उरलेलं अल्किलबेंझीन सहज उडतं. लॉरिल सल्फेटला आम्लात उकळलं की सल्फेट सुटतं, लॉरिल अल्कोहोल उरतं आणि मग त्याला सिलिल टोपी घालतात. चतुर्थक अमोनियम संयुगाचा एक गट तोडून त्याचं तृतीयक अमाइन करतात.

*३. डोकं बदलणे.* लासचं सल्फोनेट आधी सल्फोनिल क्लोराइडमध्ये आणि मग एस्टरमध्ये बदलता येतं. यात डोकं कापलं जात नाही, फक्त त्याचा भार नाहीसा होतो. त्यामुळे मूळ रेणू सल्फोनेटच होता याचा पुरावा शिल्लक राहतो.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. डोकं कापलं की मोजणी सोपी होते, पण ओळखीचा एक भाग हातचा जातो. समजा, नमुना आम्लात उकळला आणि लॉरिल अल्कोहोल सापडलं. ते शाम्पूतून आलं की पाण्यात आधीच मोकळं होतं? हे कळण्यासाठी एक भाग न उकळता आणि दुसरा उकळून तपासावा लागतो. दोन्हींतला फरक म्हणजे सल्फेटच्या रूपात असलेलं अल्कोहोल.

लोणारचं पाणी तपासताना काय सांभाळावं लागेल?

*बाटली.* डिटर्जंट शोधायचं असेल तर बाटली डिटर्जंटनं धुवायची नाही. ऐकायला गंमत वाटते, पण अशा चाचण्यांतली ही नेहमीची चूक आहे. काचेचं सामान शुद्ध द्रावकानं विसळतात. शिवाय एका बाटलीत शुद्ध पाणी भरून ती नमुन्यांसोबतच नेतात, आणतात आणि तपासतात. त्या कोऱ्या नमुन्यातही लास दिसलं, तर ते सरोवरातलं नसून आपलंच आहे. बोटांवरच्या तेलातही मेदाम्लं असतात, म्हणून हातमोजे घालावे लागतात.

*आम्ल.* पीएच १० ला मेदाम्लं लवणाच्या, म्हणजे साबणाच्याच रूपात असतात. त्यांना द्रावकात ओढायचं तर पाण्यात आम्ल घालून पीएच २ च्या आसपास आणावा लागतो. पण लोणारच्या पाण्यात कार्बोनेट भरपूर. आम्ल पडताच कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि नमुना सोडा बाटलीसारखा फसफसून वर येतो. घाई केली तर अर्धा नमुना टेबलावर. आम्ल थेंबाथेंबानं, मोठ्या भांड्यात आणि ढवळत घालावं लागतं.

*लास मात्र याला बधत नाही.* पीएच २ लाही त्याचा भार तसाच राहतो. त्याला वेगळं करण्यासाठी पाणी एका खास भुकटीच्या छोट्या नळीतून गाळतात. शेपूट भुकटीला चिकटते, क्षार वाहून जातात आणि मग मिथेनॉलनं लास सोडवून घेतात.

*ओल.* सिलिलेशनची द्रव्यं पाण्याला फार हळवी. ओल राहिली तर टोपी रेणूला न लागता पाण्यालाच लागते. म्हणून अर्क निर्जल सोडियम सल्फेटनं सुकवतात, नायट्रोजनच्या झोतात द्रावक उडवतात आणि मग अभिकर्मक घालून ६० ते ७० अंशांवर अर्धा ते एक तास ठेवतात.

*खूण.* वाटेत थोडा माल सांडणारच. किती सांडला हे कळावं म्हणून सुरुवातीलाच निसर्गात जवळपास न सापडणारं एखादं रसायन ठरावीक मात्रेत घालतात. मेदाम्लांसाठी १९ कार्बनांचं आम्ल चालतं. शेवटी ते ८० टक्केच मिळालं, तर बाकीचे आकडेही त्या हिशेबानं दुरुस्त करतात.

साधी निळी चाचणी पुरत नाही का?

पाण्यातलं डिटर्जंट मोजण्याची सोपी आणि स्वस्त पद्धत आहे मिथिलीन ब्लूची. हा निळा रंग धनभारित असतो. तो ऋणभारित सर्फॅक्टंटशी जोडी जमवतो आणि ती जोडी क्लोरोफॉर्ममध्ये उतरते. निळेपणा जितका गडद, तितकं डिटर्जंट जास्त. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० : २०१२ मध्ये, याच पद्धतीनं मोजलेल्या डिटर्जंटची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर १ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे.

गोची अशी की मिथिलीन ब्लू फक्त डिटर्जंटशीच जोडी जमवत नाही. क्लोराइड, नायट्रेट आणि काही नैसर्गिक सेंद्रिय आम्लंही थोडाफार निळेपणा देतात. गोड्या पाण्यात याचा फारसा त्रास होत नाही. लोणारसारख्या खाऱ्या पाण्यात मात्र डिटर्जंट नसतानाही आकडा फुगू शकतो. जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरींनाही हेच लागू आहे. अशा ठिकाणी निळ्या चाचणीचा आकडा ही फक्त सूचना समजायची. शिक्कामोर्तब करायचं तर रेणूची ओळख पटवणारी पद्धत हवी.

सापडलं म्हणजे प्रदूषण?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

समजा, लोणारच्या गाळात पामिटिक आम्ल सापडलं. ते साबणाचं का? सांगता येत नाही. शेवाळ, जीवाणू, काठावरच्या झाडांची पानं, सगळ्यांत ते असतं. सरोवरात स्पिरुलिनासारख्या नीलहरित जीवाणूंची रेलचेल असते. पाण्यातल्या साबणाचं पामिटेट आणि शेवाळाचं पामिटिक आम्ल एकदा मिथाइल एस्टर झाले की यंत्राला एकसारखेच. ‘मेदाम्लं सापडली, म्हणजे साबणाचं प्रदूषण आहे’ हा निष्कर्ष चुकीचा ठरेल.

मग साक्षीदार कोण? ज्याला निसर्गात दुसरा मालक नाही असा रेणू. लास हा कारखान्यात बनलेला आहे, तो कोणत्याही झाडात किंवा जीवाणूत तयार होत नाही. लास बनवताना थोडं मूळ अल्किलबेंझीन तसंच उरतं आणि पावडरीसोबत पाण्यात येतं. ते आधीच उडणारं असल्यानं त्याला टोपीचीही गरज नाही. जगभर सांडपाण्याचा माग काढायला ते वापरलं जातं. दुसरा साक्षीदार आहे कोप्रोस्टॅनॉल. माणसाच्या आतड्यातले जीवाणू कोलेस्टेरॉलपासून हा रेणू बनवतात. सिलिल टोपी घातली की तो गॅस क्रोमॅटोग्राफीत छान दिसतो. अल्किलबेंझीन आणि कोप्रोस्टॅनॉल दोन्ही एकत्र सापडले, तर घरगुती सांडपाण्याकडे बोट दाखवायला भक्कम आधार मिळतो.

आणखी एक बाब. लास ऑक्सिजन असताना जीवाणू लवकर खातात, पण ऑक्सिजन नसलेल्या तळाच्या गाळात ते बराच काळ टिकतं. त्यामुळे फक्त वरचं पाणी तपासून ‘काही नाही’ म्हणणंही घाईचं.

टोपी निवडताना काय दिसेल हेही ठरतं

जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं आणि देशभर चर्चा झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले आणि कारण निघालं हॅलोआर्किया, म्हणजे क्षारप्रेमी सूक्ष्मजीव व त्यांचं गुलाबी रंगद्रव्य.

आर्कियाच्या पेशीचं आवरणही डोकं-शेपूट असलेल्या रेणूंचंच असतं. पण त्यांची शेपटी मेदाम्लाची नसते. ती वेगळ्या घडणीची असते आणि एस्टर बंधाऐवजी ईथर बंधानं जोडलेली असते. मिथाइल एस्टर करण्याची नेहमीची कृती एस्टर बंध तोडते, ईथर बंधाला हात लावत नाही. म्हणजे कोणी गुलाबी पाण्याचा नमुना घेऊन फक्त मिथाइल एस्टर केले, तर आलेखावर जीवाणू आणि शेवाळ दिसतील. पाणी गुलाबी करणारे जीव मात्र दिसणारच नाहीत. त्यांना पाहायचं तर डोकं सोडवून मोकळ्या झालेल्या हायड्रॉक्सिल गटाला सिलिल टोपी घालावी लागते.

यंत्र खोटं बोलत नाही, पण आपण ज्याला उडायला शिकवलं तेवढंच त्याला दिसतं.

गाळातल्या अशा मेदद्रव्यांचा उपयोग प्रदूषणापुरता नाही. लोणारच्या तळातून काढलेल्या सुमारे १० मीटर लांबीच्या गाळाच्या गाभ्यात जवळपास ११ हजार वर्षांच्या पावसाची नोंद आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यावरून दोन दीर्घ कोरडे काळ दिसले: साधारण ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. याच गाळातल्या मेदद्रव्यांवरही स्वतंत्र अभ्यास झाले आहेत. वरच्या थरात सांडपाणी आणि तेलकट कचरा मिसळत राहिला, तर ही वही पुढच्या पिढ्यांना वाचायला अवघड होईल.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*इतका खटाटोप न करता थेट मोजता येत नाही का?*
येतं. द्रव क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमीटरची जोडी लाससारखे रेणू वाफ न करताच मोजते, आणि आज अनेक प्रयोगशाळा तेच वापरतात. पण एकसारख्या दिसणाऱ्या रेणूंची बारीक विभागणी, स्टेरॉल आणि मेदाम्लांची ओळख आणि तुलनेसाठी असलेला मोठा संग्रह यात गॅस क्रोमॅटोग्राफी अजून भक्कम आहे.

*ही अभिक्रिया घरी किंवा शाळेत करता येईल का?*
नाही. यातली काही द्रव्यं विषारी आहेत. मिथाइल एस्टरसाठी पूर्वीपासून वापरलं जाणारं डायझोमिथेन तर स्फोटकही आहे. हे काम धूर ओढणाऱ्या कपाटात, प्रशिक्षित माणसानंच करायचं.

*पाण्यावर फेस दिसला म्हणजे डिटर्जंट आहेच का?*
नाही. शेवाळ कुजून सुटणारी प्रथिनंही फेस करतात आणि अल्कधर्मी, खाऱ्या पाण्यावर वारा सुटला की नैसर्गिक फेस येऊ शकतो. फेस पाहून शंका घ्यावी, निकाल देऊ नये.

*चाचणीचा अहवाल हाती आला तर काय पाहावं?*
चार गोष्टी. कोणता रेणू मोजला, का नुसतं ‘डिटर्जंट’ लिहिलंय? कोणत्या पद्धतीनं मोजला? कोऱ्या नमुन्याचा निकाल दिला आहे का? आणि सुरुवातीला घातलेल्या खुणेपैकी किती टक्के परत मिळाली? ही चार उत्तरं असतील तर त्या आकड्यावर बोलता येतं. नसतील तर तो आकडा पुढे पाठवण्याआधी प्रयोगशाळेला विचारलेलं बरं.